नाव विचारलं तर पत्ता सांगणारी बाटली

जन्माला घालताना देव प्रत्येकाच्या पदरात काही ना काही टाकतो. कुणाला गोड गळा, कुणाच्या हाताला चव, कुणाला नुसतीच गाढ झोप. काबाईच्या पदरात त्याने एक प्रश्न टाकला आणि तो परत मागायचं विसरला. लहानपणी आई म्हणायची, दूध उतू जातंय, धाव. ही धावायची खरी, पण शेगडीपाशी उभी राहून विचारायची की दूधच का उतू जातं, पाणी का नाही. तोवर दूध गेलेलं असायचं. सारखं ‘का?’ विचारते म्हणून धाकट्या भावाने तिचं नाव काबाई ठेवलं. लग्नानंतर तो बहिणीला भेटायला आला तेव्हा त्याने जिन्यातूनच तशी हाक मारली, सासूबाईंनी ती ऐकली आणि तेच नाव सासरी कायम झालं. सासूबाईंनी लगेच उचललं, कारण तोवर त्यांचंही दूध दोनदा उतू गेलं होतं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा पाण्याचे मीटर दुरुस्त करायचा. सकाळी पिशवीत पाने-पकडी घालून निघाला की दिवेलागणीलाच परत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या नाट्यगृहाची पाठ दिसायची आणि त्या पाठीतलं एक लोखंडी दार. त्या दारामागे तिच्या सासऱ्यांचं राज्य होतं. नाटकात जे जे हातात धरायचं, ज्यावर बसायचं, जे फेकायचं आणि फोडायचं, ते सगळं त्यांच्या भांडारात. नाट्यगृहात लहानथोर त्यांना सामानवाले काका म्हणत.

ती खोली काबाईने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला देवाच्या कारखान्यात मागच्या दाराने शिरल्यासारखं वाटलं होतं. वायर नसलेले टेलिफोन. आत कोरी असलेली पाकिटं. एकमेकांना चिकटवून एकच ठोकळा केलेली पुस्तकांची रांग. एका सफरचंदाचा कायमचा घास घेतलेला. व्हार्निशचा आणि सरसाचा वास. सासूबाईंचं त्या खोलीबद्दल एकच मत होतं, ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.’ सासरे म्हणायचे, असेना का कथलाचा, पाचव्या रांगेतून सोन्याचा दिसतो ना, मग झालं.

मग त्यांचे डोळे बिघडले. पार आंधळे नाही झाले. नजरेच्या मधोमध एक डाग बसला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणसाशी बोलताना ते त्याच्या कानाकडे बघायला लागले, कारण कानाकडे बघितलं की तोंड थोडंफार दिसायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. सासऱ्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. भांडारातली वस्तू न् वस्तू हाताला ठाऊक होती. डोळे पेन्शनीत गेले, हात अजून नोकरीत आहेत, असं म्हणून हसायचे.

हातांनी दगा दिला तो एका बाटलीपायी. नाटकात भांडणाचा प्रसंग होता आणि एकाने दुसऱ्याच्या डोक्यात हिरवी बाटली फोडायची होती. अशा बाटल्या खोट्या असतात, डोक्यावर आपटली की चुरा होतो, लागत नाही. पूर्वी त्या साखरेच्या करत, हलक्या आणि हाताला किंचित चिकट. नव्या आल्या त्या राळेच्या, खऱ्या काचेसारख्याच गुळगुळीत आणि तेवढ्याच जड. सासरे खरी-खोटी ओळखायचे ती काचेतल्या एका बुडबुड्यावरून, आणि बुडबुडा बघायला डोळेच लागतात. कुणीतरी कप्प्यात बाटल्यांची अदलाबदल केली, सासऱ्यांनी सवयीच्या जागेवरची उचलून दिली आणि ती खरी निघाली. मारणाऱ्या नटाने हात उगारला आणि थांबला. टेबलाला बाटली लागली तेव्हाचा आवाज त्याच्या कानाला खटकला होता, म्हणून समोरच्याचं डोकं वाचलं. देवच उभा राहिला म्हणायचा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने किल्ली मागून घेतली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की नव्या नाटकाच्या तालमी सुरू होईपर्यंत किल्ली त्याच्याकडे राहील. तोवर काही मार्ग निघाला तर ठीक, नाहीतर भांडार दिवेवाल्याकडे जाईल. दिवेवाल्यालाही ते नकोच होतं. त्याच्या डोक्यावर आधीच सगळ्या रंगमंचाचे दिवे होते.

सासरे घरी आले आणि बसले. बसले म्हणजे नुसते बसले असते तर बरं. त्यांचे हात बसेनात. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे लावायला घेतले. उंचीप्रमाणे लावले, मग झाकणांच्या आवाजाप्रमाणे लावले. एका सकाळी चहात मीठ पडलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं की इथेही बाटल्यांची अदलाबदल सुरू झाली का. बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच चूक कळली. सासरे कप बाजूला सारून सुनेला म्हणाले,

“ते किल्ली देतीलही परत. पण माझाच माझ्या हातावर भरवसा राहिला नाही बघ. कुणाचं डोकं फुटलं असतं, काबाई.”

काबाईला त्या वाक्याने झोप लागेना. पण तिच्या काळजीची तऱ्हा वेगळी होती. काळजी करता करता तिला प्रश्न पडायचा आणि प्रश्न पडला की काळजी बाजूला राहायची. तिचा प्रश्न असा होता, की हाताला कळत नाही आणि डोळ्याला दिसत नाही, तर मग वस्तूलाच का विचारू नये की बाई तू कोण?

हे वेड्यासारखं वाटेल, पण तिच्या डोक्यात ते काही आकाशातून पडलं नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत घरच्या बायकांसाठी संगणकाचा वर्ग चालायचा. शेजारणीने तिला सोबत म्हणून नेलं होतं. शेजारीण आठवड्यात कंटाळली, सोबत गेलेली तिथेच राहिली. शिकवणारी मुलगी वयाने हिच्यापेक्षा धाकटी, पण शिकवते म्हणून ताई. ताई पायथन शिकवायची. संगणकाला कामं सांगायची ती एक भाषा. काबाईला ती भाषा आवडली, कारण त्या भाषेत ‘का?’ विचारलेलं चालायचं आणि उत्तर कधीच ‘असतं असं’ एवढंच नसायचं.

किराणा दुकानात बारकोड वाचणारा टिकटिक्या असतो, पुड्यावर धरला की टीक् होतं आणि पडद्यावर मालाचं नाव येतं. दुकानदाराने आपला जुना टिकटिक्या देऊन टाकला, तारेला चिकटपट्टी लावलेला. लॅपटॉप नवऱ्याचा, तोही जुना, पण पडद्यावर आलेलं वाचून दाखवायची सोय त्यात होती. काबाईने आखणी केली ती अशी. प्रत्येक वस्तूच्या बुडाशी बारकोडची चिठ्ठी. सासऱ्यांनी चिठ्ठीवर टिकटिक्या धरायचा. प्रोग्रॅमने ती वस्तू शोधायची आणि लॅपटॉपने मोठ्याने सांगायचं की ही कोण.

मॅनेजरने भांडारात यायची परवानगी दिली, दिवसाउजेडी आणि तो स्वतः असताना. सासरा-सून रोज दुपारी जाऊन चिठ्ठ्या लावू लागले. चिठ्ठी नेहमी बुडाशी लावायची, कारण प्रेक्षकाला दिसता कामा नये, हा सासऱ्यांचा नियम. चिठ्ठ्या लावता लावता ते वस्तूंच्या गोष्टी सांगत आणि काबाई ऐकत ऐकत टाइप करी. क्रमांक, कशाची, रंग, कुठला कप्पा. प्रत्येक वस्तूचं प्रोग्रॅममध्ये एक पुडकं झालं.

पहिल्यांदा चाचणी घेतली ती किटलीवर. टिकटिक्या वाजला आणि लॅपटॉप आपल्या सपाट आवाजात म्हणाला, “मेन डॉट वस्तू ऑब्जेक्ट ॲट झिरो एक्स सेव्हन एफ थ्री ए...” आणि पुढे बरंच काही. सासऱ्यांनी शेवटपर्यंत आदबीने ऐकून घेतलं. मग विचारलं की हे काय होतं. काबाईला माहीत नव्हतं, म्हणून तिने ताईला फोन लावला. ताईने सांगितलं की तुम्ही वस्तूला काय बोलायचं ते शिकवलंच नाही, म्हणून ती संगणकाच्या आठवणीत कुठे ठेवलेली आहे त्या जागेचा आकडा सांगतेय.

सासरे त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले. “म्हणजे मी विचारलं तू कोण, आणि ही मला राहायचा पत्ता देतेय. तोही आपल्याला जाता न येण्यासारखा.”

उपाय सोपा होता. पुडक्याच्या आत एक छोटं काम लिहायचं, ज्याचं नाव एसटीआर आणि ज्याच्या आगेमागे दोन-दोन आडव्या रेघा. कुणी वस्तू छापायला सांगितली की पायथन आत जाऊन ते काम शोधतो आणि तिथे लिहिलं असेल तेच बोलतो. काबाईने लिहिलं, आणि हौसेने जरा जास्तच लिहिलं. पुढच्या दुपारी किटली बोलू लागली ती थांबेचना. क्रमांक झाला, धातू झाला, उंची झाली, कप्पा झाला, कुठल्या कुठल्या नाटकांत गेली तेही झालं. सासरे किटली हातात धरून, लग्नाच्या भाषणाला उभं राहावं तसे उभे होते.

“सूनबाई,” ते म्हणाले, “हिची ओळख नको मला. हाक पाहिजे.”

हे काबाईला फार पटलं. परमेश्वराचंही तसंच नाही का. त्याच्या नावांचं स्तोत्र करायला बसलं तर दिवस पुरणार नाही, पण ठेच लागली की तोंडातून एकच नाव येतं. तिने सासऱ्यांना विचारायला सुरुवात केली की तुम्ही मनातल्या मनात कशाला काय म्हणता. आणि तिच्यापुढे एक निराळंच जग उघडलं. किटलीला ते ‘मुकी’ म्हणायचे, कारण तिची शिट्टी वाजत नव्हती. एक खुर्ची ‘लंगडी’. आरशाला काच नव्हती म्हणून तो ‘भोळा’. सगळ्यात मोठी ट्रंक ‘मावशी’, का ते सांगायला तयार होईनात. सासूबाईंना मागून विचारलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव घेतलं. काबाईने सगळ्या हाकेच्या नावांचा एक नवा कप्पा केला आणि एसटीआरमध्ये तेवढंच ठेवलं. आता टिकटिक्या वाजला की लॅपटॉप म्हणायचा, “मुकी किटली.” बस्स. सासऱ्यांचा हात पुन्हा चालायला लागला.

मॅनेजर बघायला आला त्या दुपारी दिवेवालाही शिडीवरून खाली उतरून दारात उभा राहिला. सासऱ्यांनी एकेक वस्तू टिकटिक्याखाली धरली. मुकी. लंगडी. भोळा. मॅनेजरला मजा वाटली, त्याने स्वतः दोन-चार वस्तू धरून बघितल्या. मग म्हणाला, “छान आहे, वहिनी. आता तालमीत कसं असतं, दिग्दर्शक ओरडतो दुसऱ्या अंकाचं सामान काढा. तेवढं विचारा तुमच्या यंत्राला.”

काबाईने ते करून ठेवलेलं होतं. प्रत्येक अंकाच्या वस्तूंची एक रांग, यादीच, प्रोग्रॅममध्ये बांधलेली होती. तिने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. आणि तो सपाट आवाज सुरू झाला. मेन डॉट वस्तू ऑब्जेक्ट ॲट झिरो एक्स. स्वल्पविराम. मेन डॉट वस्तू ऑब्जेक्ट ॲट झिरो एक्स. एकामागून एक, सगळ्या वस्तू पुन्हा पत्तेच सांगत सुटल्या. एकेकटी विचारली की शहाण्यासारखी बोलणारी, रांगेत उभी केल्याबरोबर सगळं विसरलेली.

दिवेवाल्याने विचारलं, “काका, सामान कुठल्या गावाला गेलंय म्हणायचं?”

कुणी हसलं नाही, तोही मग वरमला. मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं. तालमी सोमवारपासून होत्या. तो म्हणाला की शनिवारी येऊन परत दाखवा, त्यापुढे मात्र त्याच्या हातात नाही. टिकटिक्याची तार सासऱ्यांनी नीट गुंडाळली, चिकटपट्टीचा भाग आत राहील अशी, आणि घरी येईपर्यंत कडेच्या नजरेने पायऱ्या मोजत चालले.

सासूबाईंनी दार उघडलं, दोघांची तोंडं बघितली आणि पाणी आणायला आत गेल्या. नंतर एवढंच म्हणाल्या, की नवरा डोळ्याने गेला आणि सून डोक्याने, आता घरात शहाणी अशी एकटी मीच.

काबाई रडली असती, पण तिला प्रश्न पडला होता. एकेकटं विचारलं तर नीट आणि रांगेत विचारलं तर पत्ता, हे का? बिघडलं असतं तर दोन्हीकडे बिघडलं असतं. तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप मांडला आणि भांडार सोडून नुसत्या दोन चमच्यांचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एक चमचा छापला. म्हणाला, मोठा चमचा. दुसरा छापला. म्हणाला, लहान चमचा. दोघांना यादीत घातलं आणि यादी छापली, तर दोघे पत्ते सांगायला लागले. म्हणजे चूक तिच्या टायपिंगची नव्हती. पायथन मुद्दामच तसं करत होता. हे कळल्यावर तिला जवळजवळ आनंद झाला. मुद्दाम करतोय म्हणजे त्याला काही कारण असणार.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने ताईला गाठलं. ताई वाचनालयाच्या पायरीवर सायकलचं कुलूप काढत होती. तिने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, हे सांगायचंच राहिलं, वस्तूला दोन तोंडं असतात. एसटीआर हे लोकांपुढे बोलायचं तोंड. दुसरं आर ई पी आर, रेप्र म्हणतात त्याला, ते प्रोग्रॅम करणाऱ्याशी बोलायचं. यादी छापली की पायथन आतल्या प्रत्येकाला एसटीआर विचारतच नाही, रेप्र विचारतो. तुम्ही ते लिहिलंच नाही, म्हणून त्याने आपलं मूळचं बोलून दाखवलं, पत्ता.

काबाईच्या लगेच ध्यानात आलं. घरात मूल बाळू असतं, सोनू असतं, पण शाळेच्या हजेरीत त्याचं बापाच्या नावासकट नाव घेतात. तरी तिचं समाधान झालं नाही.

“का हो ताई, पण ज्याने ही भाषा केली त्याने असं का ठरवलं असेल? रांगेतही हाकेचं नाव घेतलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?”

ताईने कुलूप हातात धरूनच विचार केला. “रांगेत दोघांचं हाकेचं नाव एकच असलं तर? लोकांपुढे दोन्ही चमचेच. पण दुरुस्त करणाऱ्याला कळायला हवं ना, यातला नेमका कुठला.”

काबाई घरी निघाली. भाजीवालीच्या गाडीपर्यंत आली आणि मध्येच उभी राहिली. मागून येणारा एकजण तिच्यावर आदळला, तिने त्याला सॉरी सुद्धा म्हटलं नाही. तिला हिरव्या बाटल्या आठवल्या होत्या. खरीला सासरे काय म्हणायचे? हिरवी बाटली. खोटीला काय म्हणायचे? हिरवी बाटली. डोळ्यांना दिसत होतं तोवर दोघींना वेगळी नावं लागली नव्हती. आणि तिने त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. त्या दुपारी यादी बिघडली नसती तर मॅनेजरने किल्ली दिली असती, तालीम सुरू झाली असती, सासऱ्यांनी बाटली टिकटिक्याखाली धरली असती, यंत्राने गोडपणे ‘हिरवी बाटली’ म्हटलं असतं, आणि ह्या खेपेला नटाच्या कानाला कदाचित काही खटकलं नसतं. तिने तिथेच रस्त्यावर डोळे मिटून हात जोडले. भाजीवालीला वाटलं, भाव ऐकून जोडले.

घरी आल्या आल्या तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं. अपयश आलं ते बरं झालं, नाहीतर मी तुमच्या हातून परत तेच करवलं असतं, असं म्हणाली. सासऱ्यांना आपल्याच हाताची ती भीती परत आली असावी. मग त्यांनी विचारलं की आता दोघींना काय म्हणायचं. हिरवी एक आणि हिरवी दोन? यंत्र एक म्हणालं की दोन ते मला घाईत आठवेल का? काबाई म्हणाली, मग हिरवी बाटली, काचेची. आणि हिरवी बाटली, राळेची.

सासूबाई चहा गाळत होत्या. त्यांनी कप नवऱ्याच्या हाताशी नेला आणि देण्याआधी म्हणाल्या, “गरम आहे.” मग कप हातात दिला.

आणि तशाच पुढे म्हणाल्या, “यांचे डोळे गेल्यापासून मी रोज हेच करते. आधी गरम म्हणते, मग चहा म्हणते. आधी चहा म्हटलं तर यांचा हात पुढे आलेला असतो. तुझं यंत्र बाटली म्हणेस्तोवर हे देऊन मोकळे होतील.”

काबाई सासूबाईंकडे बघतच राहिली. इतके दिवस ती ‘वस्तू कोण’ एवढंच विचारत होती. ऐकणाऱ्याचा हात कुठे आहे हे विचारायचं राहूनच गेलं होतं. सासरे म्हणाले, “बरोबर आहे हिचं. आधी खरी की खोटी ते सांगू दे. रंग मागून आला तरी चालेल.”

मग तिघं कामाला लागली. ज्या वस्तू खऱ्या असल्या तर कुणाला लागेल, भाजेल, कापेल अशा सगळ्यांची हाक ‘खरी’ किंवा ‘खोटी’ने सुरू व्हायची. सुऱ्या, बाटल्या, ग्लास, एक कोयता, दोन कात्र्या. सासरे सांगायचे, काबाई टाइप करायची, सासूबाई मधूनच अडवायच्या की अमुक विसरलात. त्यांना भांडारातलं इतकं सगळं ठाऊक आहे हे सासऱ्यांना तेव्हाच कळलं. बाकीच्यांना, मुकीला आणि मावशीला, पूर्वीचंच नाव राहिलं. अंकाच्या याद्याही आता रांगेच्या रांग न छापता, एकेका वस्तूला पुढे बोलावून तिच्याच तोंडून हाक वदवायची, असं ठरलं. आणि दुसरं तोंड, रेप्र, ते काबाईने स्वतःसाठी लिहिलं. त्यात क्रमांक, कशाची, कप्पा, काहीही न सोडता, दोन वस्तू जुळ्या असल्या तरी फरक कळेल असं. ते लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त आनंद झाला. लोकांपुढे काय बोलायचं ते चटकन सुचतं. आपल्याला घडवणाऱ्यापुढे काय बोलायचं, तिथे काही लपवता येत नाही.

शनिवारी मॅनेजर त्यांच्या आधीच भांडारात होता. त्याने सासऱ्यांना नमस्कार केला आणि सांगून टाकलं, “काका, बाटल्या मी माझ्या हाताने हलवल्यात. कुठे ठेवल्या ते सांगणार नाही. राग मानू नका.”

“मानला तर खोटेपणा होईल,” सासरे म्हणाले. “तो आमच्या कप्प्यांत आधीच पुष्कळ आहे.”

आधी यादी झाली. दुसऱ्या अंकाच्या वस्तू एकेक करून नाव सांगत पुढे आल्या, एकीनेही पत्ता सांगितला नाही. दोन ‘आजीच्या खुर्च्या’ निघाल्या तेव्हा मॅनेजरने विचारलं की ह्यातली कुठली, तर काबाईने दुसरं तोंड उघडून दाखवलं आणि यंत्राने क्रमांकासकट सांगितलं की एक सागाची, दाराजवळची. दुसरी पत्र्याची, माळ्यावरची. मॅनेजर कौतुकाने पडद्यावर वाकला. पण सगळ्यांचं मन बाटलीपाशी होतं.

सासरे कप्प्यांजवळून हात फिरवत गेले. एका बाटलीवर हात थांबला. उचलली, उलटी केली, टिकटिक्या बुडाशी धरला.

“खरी,” यंत्र म्हणालं. “हिरवी बाटली.”

पहिला शब्द होता होताच सासऱ्यांचा हात मागे आला होता. त्यांनी बाटली जिथून उचलली तिथेच परत ठेवली आणि पुढे गेले. दुसरी बाटली त्यांना बुटांच्या कप्प्यात सापडली. मॅनेजरने अंमळ लबाडीच केली होती. टीक् झालं.

“खोटी. हिरवी बाटली.”

सासऱ्यांनी ती मॅनेजरपुढे धरली. पण सोडली नाही. म्हणाले, आधी माझ्यावर बघा. मॅनेजर नको नको म्हणेपर्यंत त्यांनी टोपी काढून दिवेवाल्याच्या हातात दिली आणि ती बाटली स्वतःच आपल्या डोक्यावर आपटली. हिरवा चुरा त्यांच्या खांद्यावर, मिशीवर, काबाईच्या पायाशी. सासरे मिशी झटकत म्हणाले, “एक बाटली खर्ची टाका.”

किल्ली मॅनेजरच्या खिशातच होती. त्याने ती टेबलावर ठेवली नाही, काकांचा हात धरून हातात दिली. एक अट मात्र घातली. नवी वस्तू आली की चिठ्ठी लागल्याशिवाय कप्प्यात जाणार नाही, आणि तालमीच्या दिवशी वहिनी येऊन यंत्र तपासून जातील. अट कसली, काबाईला ते आमंत्रणच वाटलं. ती खोली तिला लग्न झाल्यापासून आवडत होती.

त्या दिवशी घरी जिना चढताना सासऱ्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी सुनेला एक काम सांगितलं. किल्लीला एक चिठ्ठी लावायची. काबाईने विचारलं, “का हो बाबा? किल्ली तर तुमच्या गळ्यात असते, हरवायची नाही.”

“हरवेल म्हणून नव्हे. तू लाव.”

तिने लावली, प्रोग्रॅममध्ये किल्लीचं पुडकं केलं आणि हाकेचं नाव काय ठेवू म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. सासऱ्यांनी टिकटिक्या घेतला, किल्लीवर धरला आणि लॅपटॉपच्या दिशेने कान केला.

“खरी,” आवाज म्हणाला. “भांडाराची किल्ली.”

त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा धरला तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, “अहो, एकदा सांगितलेलं पटत नाही का?”

“पटलंय,” सासरे म्हणाले. “दर वेळी तेच सांगतेय का, एवढंच बघतोय.”

आणि किल्ली सदऱ्याच्या आत टाकून ते डब्यांकडे वळले, तर सासूबाई चटकन मध्ये येऊन उभ्या राहिल्या. काबाई लॅपटॉप मिटणार होती, पण तिचा हात थांबला. किल्लीचं दुसरं तोंड काय सांगत असेल, हे तिने अजून विचारलंच नव्हतं.